बुडवून ठेवलेला डोंगा

परवा मी डांबरावर बसलो.

झालं असं, की आमच्या जवाहरनगरच्या फॅक्टरी-क्वार्टरचा स्लॅब स्वयंपाकघरात गळायला लागला, आणि तोही बरोबर पिठाच्या डब्यावर. अर्ज दिला असता तर माणसं येऊन दुरुस्त करून गेली असती. पण मला कारागिरीची हौस. डालड्याच्या जुन्या डब्यात डांबर वितळवलं, गच्चीवर चढलो, भेग भरून काढली. काम इतकं झकास झालं की ते पाहत जरा बसावं, सुपारी कातरावी असं वाटलं, आणि मी बसलो. कुठे बसलो ते उठताना कळलं. मी उठलो, पँट उठायला तयार नव्हती. खालून मुलीने विचारलं, झालं का बाबा? मी म्हटलं, झालं, फक्त माझी लुंगी तेवढी वर फेक.

मग आमची सौभाग्यवती विमल मोरीत बसून ती पँट रॉकेलने घासत राहिली. नुकतीच शाळेतून आलेली, पदर खोचलेला, कपाळावरचा घाम मनगटाने पुसत होती. बोलली काहीच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात न बोलण्याच्या कलेत तिने जी प्रगती केली आहे तिला तोड नाही. मी लुंगीवर दारात उभा. फॅक्टरीच्या कुंपणापलीकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, सध्या रोवणी चालू आहे. तिकडून चिखलाचा, उपटलेल्या भातरोपांचा, परह्यांचा ओला हिरवा वास वाऱ्याबरोबर येत होता. चिखल, डांबर आणि रॉकेल. हे तीन वास एका जागी जमले की माझं वय गळून पडतं आणि मला आमची ती लाकडी नाव, आमचा डोंगा आठवतो.

सत्तरच्या दशकातलं मधलं कुठलंतरी साल. नेमकं साल विमलला माहीत आहे, मला फक्त रोवणी आठवते. रोवणी म्हणजे आमच्याकडची भातलावणी. पण तिला काम म्हणणं म्हणजे तापाला ऊब म्हणण्यासारखं आहे. तो दीडेक महिना गावातलं प्रत्येक माणूस कमरेतून वाकलेलं असतं, आणि जेवायला बसलं तरी वाकलेलंच राहतं.

आमचं गाव अड्याळच्या बाजूचं. गाव तलावाच्या या अंगाला आणि विमल शिकवायची ती शाळा त्या अंगाला. उन्हाळ्यात तलावाचं पोट कोरडं पडायचं, तेव्हा पोटातूनच पायवाट जायची. बोलता बोलता माणूस पलीकडे. पण तलाव भरला की ती वाट पाण्याखाली. मग तलावाच्या बांधावरून, पाळीवरून जायचं. तिथे मध्येच सलंग, म्हणजे तलावाचं जादा पाणी जिथून बाहेर फेकलं जातं ती जागा. पाऊस जोरात असला की सलंगावरून असं पाणी सुटायचं की बैलसुद्धा पाय टाकताना विचार करायचे. तिसरी वाट जंगलाच्या कडेने, तलावाला पूर्ण वळसा घालून. ती वाट संपेपर्यंत शाळेची प्रार्थना, हजेरी आणि अर्धं गणित होऊन जायचं.

आणि मी? मी बी.ए. होतो. आमच्या घरात तेव्हा नोकरी करणारी सून होती आणि नोकरी शोधणारा मुलगा होता. गावातल्या बाया मला बीए साहेब म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत.

विमलची नेमणूक कच्ची होती. आदल्या पावसाळ्यात ती कशीबशी सलंग ओलांडायची, कधी निम्मी भिजून, कधी उशिरा, कधी अजिबात नाहीच. हे वर्ष असंच गेलं तर नाव कमी होणार, हे तिला सांगून झालं होतं. इकडे घरात रोवणी. ती पहाटे उठून विहिरीचं पाणी भरायची, रोवणाऱ्या बायांसाठी भाकरी थापायची, डोक्याला रुमाल बांधून शाळेला निघायची, परत आली की ओलं लुगडं बदलायच्या आधी बांधीत उतरायची. संध्याकाळी पुन्हा चूल. मला हे सगळं दिसत होतं, म्हणजे जसं छपराचं आढं दिसतं तसं. ते तिथे असतंच.

बाबा, म्हणजे माझे वडील, सुनेशी थेट बोलत नसत. तशी रीत नव्हती. ते भिंतीशी बोलत आणि ते विमलला ऐकू जाई. त्या वर्षी होळी झाल्यावर एका संध्याकाळी ते भिंतीला म्हणाले, "सलंगावरून रोज जानं आता बंद. तिकडं ती पाण्यात आन इकडं मी बांधीत जीव मुठीत धरून, हे जमत नाही. डोंगा करू. रोवणी लागाच्या आधी डोंगा झाला तं नोकरी. नाही झाला तं घरीच राहा म्हना."

भिंत काही बोलली नाही. आतून तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज तेवढा आला.

आता खरं सांगायचं तर बाबांना डोंग्याची हौस लहानपणापासूनची होती. सुनेची नोकरी हे त्यांना मिळालेलं निमित्त. कारागिरीची हौस आमच्या रक्तातच आहे, कारागिरी तेवढी नाही. आमच्या शेताच्या धुऱ्यावरचं मोहाचं एक झाड आदल्या वर्षीच्या वादळात आडवं झालं होतं. आईचा त्याच्यावर जीव. त्याची फुलं तिने जन्मभर वेचलेली. सरपण करू नका एवढंच तिचं म्हणणं होतं, तेव्हा डोंग्याला तिने हरकत घेतली नाही. झाड पाण्यावर जाणार, चुलीत नाही, याचं तिला बरंच वाटलं असावं.

मग उन्हाळाभर आमच्या अंगणात डोंगा होत राहिला. आधी ओंडका लाकडी घोडीवर चढवून फळ्या पाडायच्या. मोठ्या करवतीला एक माणूस वर आणि एक खाली. वरच्याला रेघ सांभाळावी लागते, खालच्याला फक्त ओढायचं असतं, म्हणून मला खाली उभं केलं. भुसा डोळ्यांत, कानांत, घामाबरोबर मानेवरून पाठीत. मोहाच्या लाकडाचा भुसा गोडसर, आंबूस वासाचा असतो. रात्री अंथरुणावर पडलं तरी तो वास अंगाला असायचा, आणि विमल कूस बदलून निजायची.

सुतार होते डोमाजी. बंड्यांचे कसबी कारागीर. त्यांनी केलेली बैलबंडी दोन पिढ्या चाले. पण डोंगा त्यांनीही कधी केला नव्हता, त्यामुळे तो बंडीसारखाच होत गेला. बाबा म्हणत, तोंड थोडं निमुळतं घ्या. डोमाजी म्हणत, निमुळतं घेतलं तर परह्यांच्या पेंढ्या कुठे ठेवाल? मी पुस्तकात पाहिलेल्या होडीचं चित्र अंगणात काडीने काढून दाखवलं. डोमाजींनी ते चारी बाजूंनी पाहिलं आणि याचे बैल कुठे जुंपायचे असं विचारलं. त्यानंतर मी चित्र काढलं नाही. शेवटी जे झालं ते एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला किंचित कमी रुंद असं होतं. गावातली माणसं येताजाता थांबून बघत, आणि गाईची गव्हाण म्हणून छान होईल असं सांगून जात.

लोहाराने घडवलेले चापट खिळे ठोकले. अंबाडीचे धागे डांबरात आणि राळेत बुडवून फळ्यांच्या सांध्यांमध्ये पटाशीने ठासून भरले. ते काम माझं. नखांतलं डांबर रोवणी संपेपर्यंत गेलं नाही. विमल शाळेला सुट्या असल्याने घरीच होती, म्हणजे अजिबात मोकळी नव्हती. कधीतरी पाण्याची घागर कमरेवर घेऊन ती डोंग्यापाशी क्षणभर थांबायची. हात लावून बघायची. मी विचारायचो, वेळेवर होईल ना गं? ती म्हणायची, मला काय विचारता, करून राहिले तुम्ही. आणि घागर घेऊन आत जायची. त्या डोंग्यावर तिची शाळा टांगलेली होती, आणि तो ठासत होतो मी. तिची झोप का उडाली असेल ते आज कळतं.

मिरगाच्या तोंडाशी डोंगा पुरा झाला. बंडीवर घालून, हळद-कुंकू लावून, नारळ फोडून तलावात सोडला, आणि तो तळातून, बाजूंनी, सगळीकडून गळू लागला. माझा चेहरा पाहून तलावात मासे धरणारा गणपत हसला. म्हणाला, कोरडा सोडाल तर गळणारच, लाकडाला आधी पाणी पिऊ द्या. ही गोष्ट तशी बाबांना ठाऊक होती, मलाही ऐकून ठाऊक होती. कोरड्या फळ्या पाण्यात राहून फुगतात, सांधे आपोआप आवळले जातात. म्हणून नवा डोंगा आधी काही दिवस बुडवून ठेवायचा, आत दगड भरून. तरंगायला शिकवायचं तर आधी बुडवायचं. ही आमच्याकडची रीत.

तेव्हा बाबांनी जागा निवडली. तलावाच्या उरलेल्या पाण्यात, कमरेइतक्या खोलीवर, तळाला वाळू असलेली. आम्ही डोंग्यात गोटे भरले, तो शांतपणे खाली बसला. वर पाण्यावर भुशाचे दोनचार कण तेवढे फिरत राहिले. सापडावा म्हणून दोर बांधायचं काम माझ्याकडे होतं. मी पक्की गाठ मारून तो काठावरच्या बाभळीच्या खुंटाला बांधला. इतकी पक्की, की बाबांनी तिची तारीफ केली. ते सहसा तारीफ करत नसत.

काही दिवसांनी मी म्हटलं, काढू या आता. बाबा म्हणाले, राहू दे, लाकूड पाणी पिऊन राहिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तहानलेल्या गुराला पाण्यावरून ओढू नये, अशा थाटात ते डोंग्याबद्दल बोलायचे. शाळा उघडायची होती, पाऊस अजून भुरभुरच होता, सगळ्यांना वेळ होता.

मग पाऊस आला तो थांबलाच नाही. दिवस आणि रात्र यांच्यात फक्त कंदिलाचा फरक. नाले आमच्या तलावाकडे धावले. उघडीप झाल्यावर बाबा आणि मी पाळीवर गेलो तेव्हा समोर लालसर पाणीच पाणी होतं, या अंगापासून त्या अंगापर्यंत. काठ आमच्या गावाच्या दिशेने सरकून आला होता. ज्या बाभळीच्या खुंटाला मी दोर बांधला होता तो खुंटही त्या पाण्याखाली कुठेतरी होता, गाठीसकट. सलंग गर्जत होता. बाबा कितीतरी वेळ उभे राहिले. पाणी ओलांडायला केलेली वस्तू पाण्याच्या तळाशी बसली होती, आणि तिच्यात आम्हीच हातांनी दगड भरले होते.

गणपतने बुड्या मारल्या. तिसऱ्यांदा वर आला, तोंडातलं पाणी थुंकून म्हणाला, "हाय जी. बसला हाय बरोबर. पण गोटे काढाले दम पुरत नाही. आता उन्हाळ्यातच भेटन."

घरी आलो. कोणी जेवणाचं नाव काढलं नाही. बाबांचा शब्द सगळ्यांना पाठ होता: डोंगा नाही तर नोकरी नाही. विमलने शाळेची पिशवी खुंटीला अडकवलेली होती, ती मी पाहत होतो. आई चुलीपुढे उगाच जाळ सारखा करत होती. शेवटी बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जागा मी पाहिली. काढू नोको असं मीच म्हनलं. माझ्या चुकीपायी तिची शाळा कायले जावी? तिकडंच खोली पाहा म्हना. पाणी उतरेपर्यंत."

जरा वेळाने खुंटीवरची पिशवी तिथे नव्हती.

शाळेला लागून कवडूजींचं घर होतं, त्यांच्या पडवीची खोली रिकामी होती. घर बौद्ध मोहल्ल्यातलं. आमच्या आळीत कुजबुज झाली, आईसुद्धा जरा घुटमळली. बाबांनी भिंतीला एवढंच विचारलं, कवेलू धड आहेत ना, गळत नाही ना? मी म्हटलं, गळत नाही. मग झालं, ते म्हणाले, आपल्या डोंग्यापेक्षा बरं.

अशी ती रोवणी विमलवाचून झाली. तिचं काम आई, मी आणि एक ठेवलेली बाई असं तिघांत वाटलं गेलं, तरी पुरं पडेना. भाकरी मी थापायला घेतल्या. त्या पाहून बायांनी आपापल्या भाकरी घरून आणायला सुरुवात केली. चिखलात वाकून वाकून माझी कंबर माझी राहिली नव्हती. बाया रोवता रोवता मला ऐकवत, "बीए साहेब, बाई तलावापल्याड आन डोंगा तलावाखाली, तुमी मंधात कायले उभे?" सगळ्या वाकलेल्या असल्याने कोण बोललं ते कधी कळत नसे, फक्त पाठी हलताना दिसत. डोंगा वल्हवायला आणलेला लांब बांबू घरी तसाच पडून होता. आईने त्याच्यावर कपडे वाळत घातले. डोंग्याचा तेवढाच उपयोग.

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक टांगलेला तुकडा. वारा तिकडून असला की तिचा आवाज पाण्यावरून आमच्या बांधीपर्यंत यायचा. बाबा कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचे, ऐकायचे आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणायचे, भरली शाळा. मग पुन्हा वाकायचे. मीही तिच्या वाटेकडे डोळे लावून होतो. नवं लग्न, समोर दिसणारं गाव आणि मध्ये हे एवढं पाणी. ऊर भरून यायचा, पण कंबर इतकी दुखायची की कशामुळे काय होतंय ते नीट कळत नसे.

दर शनिवारी मी जंगलाच्या वाटेने वळसा घालून तिच्याकडे जायचो, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन. पहिल्या खेपेला भरदुपारी ती गाढ झोपलेली होती. कवडूजींच्या घरच्या बाईंनी मला बाहेरच चहा दिला आणि हळू आवाजात सांगितलं, निजू द्या मास्तरीणबाईले. दुसऱ्या खेपेला न्हाऊन, केस मोकळे सोडून, दाराशी बसून जुना दिवाळी अंक वाचत होती. मला बघून उठली, पण बोट पानात ठेवून. पुढेपुढे तिचा चेहरा मला भरल्यासारखा वाटू लागला. मी घरी येऊन सांगितलं, तिकडची हवा मानवत नाही, तोंडावर सूज दिसते. आईने काळजीने सुंठीचे लाडू करून दिले. विमलने ते सगळे खाल्ले. पुढच्या शनिवारी सूज वाढलेली होती.

दिवाळीला ती घरी आली, सणाचं सगळं केलं आणि परत गेली. सलंग तोवर थांबला होता, पण बाबांचा शब्द पाणी उतरेपर्यंतचा होता, आणि तो तिने अक्षरशः पाळला. जाताना वळून वळून बघायचं काम मीच केलं. तिची पावलं त्या दिवशी झपाझप होती. मला वाटलं, वाट लांब आहे म्हणून.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला होता. धानाला शेवटचं पाणी हवं म्हणून तलावाचं दार उघडलं आणि तलाव उतरत गेला. शिमग्याच्या सुमारास एका सकाळी बाबांना पाण्यात बऱ्याच आत एक बगळा उभा दिसला. इतक्या खोलात बगळा उभा कसा, म्हणून ते बघत राहिले, आणि मग धोतर खोचून सरळ पाण्यात शिरले. बगळा डोंग्याच्या तोंडावर उभा होता.

आम्ही गोटे काढले, गाळ उपसला, आतले चार मासे गणपतने नेले. लाकूड काळंभोर झालेलं, शेवाळलेलं, हाताला थंड. डोंगा वर आला आणि तरंगला. बाबा, डोमाजी, गणपत आणि मी वाकून आत बघत होतो. तळ कोरडाच. फळी फळीला अशी भिडली होती की सांधा शोधावा लागे. डोमाजींनी त्यावर थाप मारली आणि गव्हाण म्हणणाऱ्यांना बोलवा म्हणाले.

तेव्हा पायवाट निघायला थोडाच अवकाश होता, पाणी जेमतेम कमरेइतकं उरलेलं. पण बाबांना दम नव्हता. त्याच रविवारी विमलला आणायला ते स्वतः डोंग्यात बसले, आणि मी बांबूवरचे कपडे उतरवून तो घेऊन आलो. पलीकडे विमल ट्रंक, वळकटी, स्टोव्ह घेऊन उभी होती. नेमणूक पक्की झाल्याचं तिला त्याच आठवड्यात कळलं होतं. कवडूजींच्या घरच्या बाईंनी तिची ओटी भरली. डोंग्यात बसल्यावर ती एकदाच मागे वळून त्या पडवीकडे बघत राहिली, आणि मग पाण्याकडे. मी बांबू रेटत होतो, गोल गोल जात होतो. बाबा मधोमध बसून तळावर हात फिरवत होते. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिथे भिंत नव्हती.

"कसा झाला, बाई?"

तिने पदर सारखा केला. म्हणाली, "चांगला झाला मामाजी. थेंब नाही आला."

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. डोंगा त्यांच्यामागेही काही वर्षं परह्यांच्या पेंढ्या वाहत राहिला. मी इकडे नोकरीला लागलो, विमलच्या बदल्या होत होत ती जवळच्या शाळेत आली. मुलांना ही गोष्ट मी सांगतो तेव्हा डोंगा तरंगला की थांबतो. मुलं टाळ्या वाजवायची तेव्हा वाजवायची, आता जांभया देतात. सगळ्यांनाच हल्ली लवकर थकायला होतं.

पण ती संध्याकाळ तिथे संपली नव्हती. घरी आल्यावर विमलने ट्रंक आत ठेवली, पदर खोचला, आणि विहिरीवर गेली. पाणी भरलं. चूल पेटवली. डोंगा तरंगला म्हणून आईने डोमाजींना, गणपतला आणि शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावलं होतं. त्यांना वाढलं, उष्टी काढली, भांडी घासली, गोठ्यात कडबा टाकला. सगळीकडे निजानीज झाली तेव्हा ती उंबऱ्यावर येऊन बसली, हात गुडघ्यांवर सैल सोडून. मी शेजारी बसलो. खुशीत होतो. म्हटलं, आता काळजी नाही, आता येत्या पावसाळ्यात रोज संध्याकाळी घरी. ती अंधारात, तलावाच्या बाजूला पाहत, अगदी हळू म्हणाली,

"पुढच्या साली बी रोवणीच्या आधी बुडवून ठेवाल ना हो त्याले?"